न वटलेल्या हुंड्या

१ मार्च २०२१. टाळेबंदीमुळे इंग्लंडातल्या रेडिंगमधल्या आमच्या घरात जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस झालं होतं. त्या दुपारी काम बाजूला सारून मी लॅपटॉपवर युद्धात होरपळणाऱ्या येमेनसाठीची मदत-परिषद लावली. स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांनी संयुक्त राष्ट्रांबरोबर ती भरवली होती. करोनाचे दिवस, त्यामुळे सगळे आपापल्या देशातून बोलत होते. एकेका मंत्र्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं. पाठीमागे झेंडा, समोर कागद. आधी येमेनी जनतेविषयी दोन वाक्यं, मग आकडा, मग आभार. की पुढचा देश.

मी वही घेऊन बसले होते. देशाचं नाव, त्यापुढे आकडा, आणि त्याच्यापुढे एक रिकामा रकाना. असं ठरवून काही बसले नव्हते, हात आपोआप तसा चालत गेला. माझे वडील, आण्णा, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका धान्याच्या आडतीवर चाळीस वर्षं दिवाणजी होते. शाळा सुटल्यावर मी पेढीवर जाऊन त्यांच्या गादीशेजारी बसायची. कोण काय बोललं आणि कुणी काय दिलं यांच्यासाठी वहीत दोन वेगळ्या जागा असतात, हे मला बाराखडीच्या बरोबरीनं शिकवलं गेलं. पुण्याचा व्यापारी बोलून जायचा, ‘दिवाणजी, पैसे पोचले समजा.’ आण्णा हसून मान डोलवायचे, पण रोजकीर्दीत एक अक्षर लिहायचे नाहीत. पैसे हातात पडले, मोजले, की मग लेखणी उचलायची.

ती परिषद संपली तेव्हा एकूण आकडा जाहीर झाला, सुमारे १७० कोटी डॉलर. त्या वर्षासाठी लागणार होते ३८५ कोटी. आदल्या वर्षी प्रत्यक्ष हातात पडलं त्याहूनही कमी, आणि २०१९ च्या परिषदेपेक्षा कितीतरी कमी. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनियो गुटेरेस म्हणाले की मदत कापणं म्हणजे मृत्युदंडाची शिक्षा आहे. असं बोलणं त्या पदावरचा माणूस सहसा टाळतो.

त्या यादीत मी कर भरते तो देशही होता. ब्रिटननं आदल्या वर्षी १६ कोटी पाउंडांचा शब्द दिला होता. या वेळी ‘किमान ८ कोटी ७० लाख’. मी तो आकडा वहीत लिहिला आणि नंतर बराच वेळ नुसती बसून राहिले. दुष्काळाच्या तोंडावर उभ्या असलेल्या देशाला निम्म्यानं कमी करून सांगताना मंत्र्यांचा आवाज कुठेही अडखळला नव्हता.

ही कपात कुठून आली, तो रस्ता सरळ आहे. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम परदेशी मदतीला द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २४ ऑक्टोबर १९७० रोजी केला. बहुतेकांनी तो कागदावरच ठेवला. ब्रिटननं मात्र २०१३ मध्ये ते लक्ष्य गाठलं आणि २०१५ मध्ये त्याचा कायदाच केला. त्या वर्षी मला या देशाचा खरंच अभिमान वाटला होता. मग नोव्हेंबर २०२० मध्ये अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी करोनाच्या खर्चाचं कारण देऊन ०.५ टक्क्यावर आणत असल्याचं जाहीर केलं. जुलै २०२१ मध्ये संसदेत मतदान झालं, ३३३ विरुद्ध २९८. स्वतःच्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध ज्यांनी मत दिलं त्यांत माजी पंतप्रधान थेरेसा मे होत्या. कपात टिकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या सरकारनं संरक्षणखर्चासाठी हा आकडा २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचं ठरवलं, आणि परदेशी मदतीच्या खात्याच्या मंत्री अनेलिज डॉड्स राजीनामा देऊन बाहेर पडल्या.

०.२ टक्के. ऐकायला काहीच नाही. पण आण्णांच्या पेढीवर पोत्यामागे पाव किलोची तूट आली तरी ती शेवटी कुणाच्या तरी ताटातून जाते, हे मी पाहिलंय.

*

मदतीच्या या जगात पैशाच्या तीन अवस्था असतात. पहिली, सभेत उभं राहून केलेली घोषणा. दुसरी, संस्थेशी केलेला लेखी करार. तिसरी, खात्यात पडलेली रक्कम. वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येते ती पहिली. तिसरी कधी आली, किती आली, हे शोधायला तक्ते धुंडाळावे लागतात. शिवाय पहिलीतही खाचाखोचा. गेल्या वर्षी न दिलेली रक्कम यंदा नव्यानं सांगता येते. तीन वर्षांचे पैसे एकाच आकड्यात घालता येतात. कर्ज आणि अनुदान यांची मोट एकत्र बांधता येते.

आण्णांच्या तरुणपणी आडतीवर अजून हुंड्या, म्हणजे पैसे चुकते करण्याच्या लेखी चिठ्ठ्या, चालायच्या. दर्शनी हुंडी असेल तर समोर धरली की पैसे. मुदती असेल तर ठरल्या तारखेला. हुंडी नाकारली गेली तर ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या लक्ष्मीपुरीत पसरायची, आणि त्या पेढीचा माणूस दुसऱ्या दिवशी मान वर करून चालायचा नाही. मला या परिषदांमधल्या घोषणा हुंड्यांसारख्याच वाटतात, फक्त त्यांच्यावर मुदत लिहिलेली नसते. आणि त्या वटल्या नाहीत तर मान खाली घालायची वेळ कुणावर येत नाही.

२०१९ चा ऑगस्ट मला दोन गोष्टींसाठी आठवतो. पहिली आमची. मी सुट्टीवर कोल्हापुरात होते आणि पंचगंगेनं कधी नव्हे ते घर गाठलं. महामार्ग बंद, शहर बेट झालेलं. माझ्या मावसबहिणीकडे तळघरात गव्हाच्या कोठ्या होत्या, त्यांत पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर आम्ही झाकण उघडलं तेव्हा जो आंबूस, उबट दर्प आला तो अजून नाकात आहे. पण मला त्याहून जास्त आठवतात त्या भाकरी. कुठल्या कुठल्या गावांतून टेंपो भरून भाकरी-चटणी आली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, काही अजून कोमट. कुणाच्या चुलीवरच्या, ते कळायला मार्ग नाही. तिसऱ्या दिवसाची ती भाकरी पंधराव्या दिवशी आली असती तर तिचा काय उपयोग होता?

दुसरी गोष्ट त्याच महिन्यातली, २१ ऑगस्टची. चिखल उपसून झाल्यावर रात्री फोनवर बातमी वाचली. येमेनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याच्या प्रमुख लीझ ग्रँड यांनी सांगितलं होतं की फेब्रुवारीत जाहीर झालेल्या २६० कोटी डॉलरांपैकी निम्मेही अजून आलेले नाहीत. पैसे आले नाहीत तर पुढच्या दोन महिन्यांत बावीस जीवरक्षक कार्यक्रम बंद करावे लागतील. लसीकरण, कुपोषित मुलांवरचे उपचार, अशी कामं. फेब्रुवारीत आकडा ऐकून टाळ्या वाजल्या होत्या. ऑगस्टमध्ये दवाखान्यांना कुलूप लावायची तयारी.

मी त्या रात्री आण्णांना ते वाचून दाखवलं. ते तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते, ऐकायला कमी यायचं. त्यांनी दोनदा विचारलं, ‘निम्मे आले नाहीत? आणि ज्यांनी कबूल केलं होतं ते कुठायत?’

‘आहेत की, आण्णा. तिथंच आहेत.’

‘मग मागत का नाहीत?’

मला उत्तर देता आलं नाही. मागतात, पण मागणाऱ्याच्या हातात काही नसतं. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच माणसाच्या दारात जायचं असतं, म्हणून आवाज चढवता येत नाही. आडतीवर असं झालं असतं तर त्या माणसाचा पुढचा माल कुणी उचलला नसता.

*

धान्याच्या बाजारात वाढल्यामुळे येमेनच्या बातम्यांत माझी नजर आधी गव्हाकडे जाते. हा देश आपल्या धान्यापैकी सुमारे नव्वद टक्के बाहेरून आणतो, आणि त्यातला मोठा हिस्सा तांबड्या समुद्रावरच्या होदेदा बंदरातून येतो. २०१४ च्या सप्टेंबरात हुथी बंडखोरांनी राजधानी सना घेतली. मार्च २०१५ पासून सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये होदेदाच्या धक्क्यावरच्या क्रेन बाँबहल्ल्यात निकामी झाल्या. क्रेन नाही म्हणजे जहाजं बाहेर ताटकळत उभी. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमानं अमेरिकेच्या पैशातून चार फिरत्या क्रेन घेतल्या. जानेवारी २०१७ मध्ये त्या घेऊन निघालेलं जहाज परत पाठवलं गेलं. क्रेन धक्क्यावर उतरल्या त्या जानेवारी २०१८ मध्ये. पैसे दिलेले, वस्तू तयार, आणि मध्ये एक आख्खं वर्ष.

मग त्या रेड सी मिल्स. होदेदाच्या कडेच्या पिठाच्या गिरण्या, त्यांच्या कोठारांत जागतिक अन्न कार्यक्रमाचा ५१ हजार टन गहू. सदतीस लाख माणसांना महिनाभर पुरेल इतका. सप्टेंबर २०१८ मध्ये लढाईची रेषा तिथेच येऊन थांबली आणि गिरणीपर्यंत जाणं अशक्य झालं. पाच महिने तो गहू बंद कोठारात पडून होता. संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी जाहीरपणे सांगत होते की तो सडेल. २६ फेब्रुवारी २०१९ ला पथक आत पोचलं तेव्हा गव्हाला कीड लागलेली. धुरी दिल्याशिवाय तो दळणं शक्य नव्हतं.

उन्हाळ्यात धान्याला टोके लागू नयेत म्हणून आण्णांची जी धावपळ व्हायची ती मी पाहिली आहे. कोठाराच्या दाराशी उभं राहून ते वासावरून सांगायचे, कुठल्या थप्पीत कीड आहे. म्हणून त्या ५१ हजार टनांची बातमी मला आकड्यासारखी वाटलीच नाही. मला तो वास आला. गव्हापासून काही मैलांवर उपाशी माणसं, आणि मध्ये सुरुंग पेरलेला रस्ता. म्हणजे हुंडी वटली, माल आला, कोठारात रचला, तरी ताटात पोळी पडेपर्यंत काम पुरं होत नाही. मदतीचं वचन देणाऱ्या सरकारांनी तो शेवटचा रस्ता उघडून देण्याचंही वचन द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. अर्ध्या रस्त्यात टाकलेल्या पोत्याला मी मदत म्हणत नाही.

इथे ब्रिटनच्या बाबतीत एक गोष्ट बोलायलाच हवी. ज्या लढाऊ विमानांनी येमेनवर बाँब टाकले त्यांतली कित्येक विमानं आणि बाँब याच देशानं सौदी अरेबियाला विकलेले. जून २०१९ मध्ये इथल्या अपील न्यायालयानं शस्त्रविक्रीचे ते परवाने देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. वर्षभरानं सरकारनं पुन्हा परवाने सुरू केले. दुसरीकडे २०१८ मध्ये सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या दोघांनी मिळून येमेनच्या मदतयोजनेला ९३ कोटी डॉलर दिले. नुसती घोषणा नाही, पैसे दिले. उपाशी लेकराला ते पीठ कुणाचं हे बघायचं कारण नाही, आणि ते मिळालं हे चांगलंच झालं. पण छप्पर पाडणाऱ्यानं ताडपत्री दिली, तर ती दानाच्या खात्यात कशी लिहायची? आण्णांच्या वहीत त्याला भरपाई म्हटलं असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं अंदाज केला होता की २०२१ च्या अखेरपर्यंत या युद्धानं ३ लाख ७७ हजार बळी घेतलेले असतील. त्यांतले साठ टक्के गोळीनं किंवा बाँबनं नव्हे, तर भूक, आजार, उपचारांचा अभाव यांनी. म्हणजे बहुतेक जण त्या मधल्या रिकाम्या रकान्यात मेले.

*

इथे दरवर्षी करखात्याकडून एक पत्रक मिळतं. तुमच्या करातला किती हिस्सा कशावर खर्च झाला याचा तक्ता. वरती आरोग्य, निवृत्तिवेतन, शिक्षण. परदेशी मदत अगदी तळाच्या ओळींत, माझ्या करातल्या शंभर पाउंडांमागे एक पाउंड किंवा त्याहूनही कमी. गणपतीत मंडळात एकदा यावरून विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, ‘अहो, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. इथे दवाखान्यात नंबर लागत नाही, आणि आपण तिकडे पैसे पाठवायचे?’

त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षं लांबली होती. मी त्यांना एवढंच म्हणाले की तुमची रांग त्या एका पाउंडामुळे लांबलेली नाही. आणि त्या पाउंडातलाही बराचसा देशाबाहेर जातच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आश्रयाला आलेल्या निर्वासितांचा पहिल्या वर्षाचा खर्च मदतीच्या खात्यात दाखवता येतो. २०२२ मध्ये ब्रिटनच्या १२८० कोटी पाउंडांच्या मदतीतले ३७० कोटी असे देशातच खर्च झाले. युक्रेनमधून, अफगाणिस्तानातून आलेल्यांना छप्पर मिळायलाच हवं होतं. आमच्याच गल्लीत खारकीवची मायलेकरं राहून गेली, त्यांच्यासाठी मी रात्री खिचडी नेऊन दिली आहे. पण एका निर्वासिताचं अंथरूण दुसऱ्या भुकेल्याच्या ताटातून कापून काढायचं आणि दोन्हीला मिळून मदतीचा एकच आकडा सांगायचा, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

जानेवारी २०२२ पासून जागतिक अन्न कार्यक्रमाला येमेनमधल्या ८० लाख लोकांच्या शिध्यात कपात करावी लागली. पीठ, डाळ, तेल, साखर, मीठ. घराला रोज जेवढं लागतं त्याच्या जेमतेम निम्मं. शिधा हा आपला शब्द मला इथे फार जवळचा वाटतो. शिधा मोजून देतात, ठरल्या दिवशी देतात. घेणाऱ्याचा त्यावर हक्क असतो.

*

भूक आणि परकं युद्ध या गोष्टी आमच्या घरात फार आधी येऊन गेल्या होत्या. माझी आज्जी लग्न होऊन वळिवड्याच्या शेजारच्या गावात आली त्याच सुमाराला, १९४३ मध्ये, पंचगंगेच्या काठी पोलंडच्या लोकांची छावणी उभी राहिली. पाच हजारांच्या आसपास माणसं. बहुतेक बाया, मुलं, म्हातारे. १९४० साली सोव्हिएत फौजांनी त्यांना घरांतून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. १९४१ च्या करारानंतर सुटका झाली आणि इराणमार्गे, कराचीमार्गे ती कोल्हापूर संस्थानात पोचली. दगडी जोतं, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं, अशा बराकी. त्यांच्या शाळा, त्यांचं चर्च, त्यांचा दवाखाना.

आज्जी छावणीत दूध घालायची. ती सांगायची, ‘लई गोरीपान पोरं. पर डोळ्यात बघितलं की काय बी न्हवतं. पैल्यांदा दूध दिलं तर गिलास दोनी हातांनी गच्च धरून बसायची, कोन काढून घील म्हनून.’

त्या छावणीचा खर्च लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार करत होतं. म्हणजे देश गमावलेलं सरकार, देश गमावलेल्या आपल्या माणसांचा खर्च, तिसऱ्याच देशात बसून, चौथ्या देशातल्या एका गावात पाठवत होतं. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेनं त्या सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातल्या बायांच्या दृष्टीनं त्यांचं पालक सरकार एका दिवसात नाहीसं झालं. पुढे त्यांची जबाबदारी ‘अन्रा’कडे गेली. १९४३ च्या नोव्हेंबरात चव्वेचाळीस राष्ट्रांनी मिळून स्थापन केलेली ही मदतसंस्था. तिची एक गोष्ट आज मला फार मोलाची वाटते. शत्रूची फौज ज्यांच्या भूमीवर आली नव्हती अशा देशांनी आपल्या एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्का द्यावा, असं सूत्र तिनं ठरवलं होतं. युद्ध अजून चालू असताना. सभेत कोण काय बोलतो यावर सोडलं नव्हतं, वाटा ठरवून दिला होता.

हेही लिहिलं पाहिजे की त्याच १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मरत होती, आणि ‘अन्रा’च्या नियमांत बंगालची भूक बसली नाही. ती मदत शत्रूच्या ताब्यातून सुटलेल्या प्रदेशांसाठी होती. कुणाची भूक मोजायची आणि कुणाची नाही, हे कागद ठरवतो. त्या वर्षी आमच्या नदीकाठी परक्या लेकरांना दूध मिळालं याचा मला आनंद आहे, आणि कलकत्त्याच्या फुटपाथवर आपल्याच लेकरांना पेज मिळाली नाही हेही मला विसरता येत नाही.

मान्यता गेल्याची बातमी छावणीत आली तेव्हाचं आज्जी सांगायची. तिच्याकडून दूध घेणारी एक बाई, दोन मुली असलेली, एके सकाळी रिकामं भांडं मागे घेऊन उभी राहिली. खुणांनी आणि मोडक्या मराठीत म्हणाली, पैसे पुढे मिळतील की नाही माहीत नाही. आज्जीनं तिच्या हातातून भांडं घेतलं आणि भरलं. पुढे किती दिवस ते चाललं, मी विचारलं होतं. ‘त्याचा कसला हिशोब ठिवायचा? लेकरं हुती ती.’ १९४८ पर्यंत सगळी पोलिश मंडळी गेली. बराकींत सिंधमधून आलेले फाळणीचे निर्वासित राहायला आले, आणि आज तिथे गांधीनगरची मोठी कापडपेठ आहे.

लहानपणी मला वाटायचं, आज्जी थोर आणि आण्णा रुक्ष. एकीनं न मोजता दिलं, दुसऱ्यानं आयुष्यभर मोजलं. आता मला तसं वाटत नाही. आज्जीनं जे केलं ते तिनं करावं, भाकरीचा टेंपो पाठवणाऱ्या गावांनी करावं, तुम्ही-मी करावं. सरकारनं मात्र आज्जी होऊ नये. सरकारचं मन यंदा द्रवतं आणि पुढच्या वर्षी निवडणूक येते. यंदा येमेन टीव्हीवर असतो, पुढच्या वर्षी दुसरं युद्ध असतं. माया अशी ऋतूंसारखी बदलत असेल तर भुकेल्यानं तिच्यावर विसंबायचं कसं? सरकारनं दिवाणजी व्हावं. बोललेली रक्कम आपल्या नावावर देणं म्हणून लिहावी, तारीख टाकावी, दर महिन्याला त्या पानाशी यावं, आणि ती फिटेपर्यंत त्याला झोप लागू नये. मदतीकडे उपकार म्हणून न पाहता कर्ज म्हणून पाहिलं, तर ती पोचते.

आपल्या सरकारनं एकदा हे जवळपास केलं होतं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास माणसं भारतात आली. बाहेरच्या देशांचे आकडे येत होते, पण खर्चाच्या मानानं ते फारच अपुरे होते आणि मोठा भार भारतानंच उचलला. १५ नोव्हेंबरपासून बहुतेक टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. आधी कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ असा छाप मारून चालवलं, मग डिसेंबरात निर्वासित कुटुंबाचं चित्र असलेलं तिकीट आलं. रेल्वेच्या भाड्यावरही कर बसला. मी तेव्हा पाच वर्षांची होते. आण्णा पेढीची पाकिटं घरी आणत आणि ती छोटी तिकिटं मला जिभेनं ओली करून चिकटवायला देत. १९७३ च्या मार्चअखेरीपर्यंत ते चाललं. पाच पैसे. कुणाची परवानगी न विचारता, कुणाला टाळ्या वाजवायची संधी न देता, पाकीट टाकणाऱ्याकडून. गरीब देश होता तो.

*

माझ्या हिशेब खात्यात एक येमेनी सहकारी आहे. तिचे वडील शेफिल्डच्या पोलाद कारखान्यात कामाला आले होते, ती इथेच जन्मली. तैझजवळच्या खेड्यात तिची मावशी राहते, पदरी चार नातवंडं. दर महिन्याच्या पगारादिवशी जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर जाऊन एका दुकानात पैसे देते. शब्दावर चालणारा व्यवहार. इथला दुकानदार फोन करतो, तिथला दुकानदार पैसे मोजून देतो. ती त्याला हवाला म्हणते. मी तिला सांगितलं की आमच्याकडे याचाच भाऊबंद असलेला हुंडी हा शब्द आहे. ती खूप हसली, आणि मग म्हणाली, युद्धात बँका बंद पडल्या, सरकारी पगार थांबले, पण हे एक दिवसही थांबलं नाही.

२७ फेब्रुवारी २०२३ ला जिनिव्हात येमेनसाठी पुन्हा परिषद झाली. हवे होते ४३० कोटी डॉलर, घोषणा झाल्या सुमारे १२० कोटींच्या. मी वही काढली. तीच वही, आण्णा गेल्यावर कोल्हापुराहून आणलेली, अर्धी कोरी. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर काही रकाने मी तक्ते शोधून शोधून भरले होते, काही अजून तसेच होते. नवं पान काढून देशांची नावं लिहायला लागले तेव्हा ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. काय करतेस, म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिनं पानावरून बोट फिरवलं, ब्रिटनच्या ओळीपाशी थांबली, आणि काही न बोलता कोट घालून बाहेर गेली. पगाराचा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तिनं फोन माझ्यापुढे धरला. अरबी मला येत नाही, तिनंच वाचून दाखवलं. मावशीनं कळवलं होतं, पैसे मिळाले, पिठाची एक गोणी घेतली, धाकट्याच्या औषधाला थोडे बाजूला ठेवलेत.